आप्पांच्या ११ कॅसेट आणि तपकीर गल्लीमागचं पाटी नसलेलं दुकान

आधी सरळ मुद्द्याचं बोलते. जुन्या कॅसेट डिजिटल करून घ्यायच्या असतील आणि त्यावर घरातल्या नाहीतर गावातल्या कुणाचा आवाज असेल, तर पुण्यात तपकीर गल्लीच्या मागच्या अंगाला एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर एक काका बसतात, त्यांच्याकडे द्या. दुकानाला पाटी नाही. खाली मिक्सर रिपेअरवाला आहे, त्याला "कॅसेटवाले काका?" एवढंच विचारायचं, तो मान वर न करता पान्याने जिना दाखवतो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आता सविस्तर लिहिते, कारण मी आधी चुकीच्या ठिकाणी गेले होते आणि पैसे तर गेलेच, जवळजवळ माणूसच घालवून बसले होते.

आप्पा म्हणजे माझे चुलत काका. दिवसा कराड डेपोला एसटीत कंडक्टर आणि रात्री ऑर्केस्ट्रात सिंगर कम निवेदक कम मिमिक्री कम पडेल ते काम. जन्म १९४८ चा. एसटीची पहिली गाडी पण १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, त्यामुळे "मी आणि एसटी एका वयाचे, फक्त माझा पत्रा अजून वाजत नाही" हे वाक्य आम्ही पोरांनी किमान दोनशे वेळा ऐकलंय. जॉनी वॉकर आधी बेस्टमध्ये कंडक्टर होता आणि रजनीकांत बंगलोरला, हे ते प्रत्येक नवीन ड्रायव्हरला पकडून सांगायचे आणि वर "आता नंबर कराड डेपोचा" असं म्हणून शर्टाची कॉलर नीट करायचे. नंबर काही लागला नाही. पिक्चर नाही, रेडिओ नाही, कुठल्या कंपनीची कॅसेट पण नाही. गणपतीत मंडळांच्या सुपाऱ्या, पौषात पालच्या खंडोबाची यात्रा, उन्हाळ्यात गावोगावच्या जत्रा, आणि मध्ये कुणाचं बारसं, कुणाची रिटायरमेंट. रजा शिल्लक कधीच नसायची, ड्युट्या बदलून घ्यायच्या आणि पहाटे स्टेजवरून उतरून थेट पहिल्या गाडीवर.

आवाज ग्रेट होता असं मी म्हणणार नाही, घरचं माणूस आहे म्हणून खोटं कशाला लिहू. वरच्या पट्टीत गेले की जरा चिरकायचे. पण एकटेच ड्युएट म्हणायचे, अर्ध्या डोक्यावर उपरणं पदरासारखं घेऊन, डावीकडे वळले की बाई आणि उजवीकडे वळले की पुरुष, आणि मध्येच मुद्दाम चुकून बाईच्या बाजूने पुरुषाचा आवाज काढायचे की मांडवात नुसता गोंधळ. निळू फुल्यांच्या आवाजात तिकीट मागणं हा तर हक्काचा आयटम, तो खऱ्या गाडीत पण चालायचा. आणि सगळ्यात भारी म्हणजे तिकीट पंच. कंडक्टर लोकांकडे तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी पंच असायचा ना, मशीन यायच्या आधीचा, सीटच्या दांडीवर टकटक वाजवत पुढे यायचे तो. आप्पा तो स्टेजवर घेऊन यायचे आणि माइकच्या तोंडाशी धरून त्याच्यावर ताल धरायचे. ढोलकीवाला थांबायचा, ऑक्टोपॅडवाला थांबायचा, नुसता पंच आणि आप्पा.

आप्पा २०१४ ला गेले. त्यांच्यामागे काकूंकडे ११ कॅसेट राहिल्या, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. सहा साठ मिनिटांच्या, पाच नव्वदच्या, सगळ्या १९८६ ते ९४ च्या मधल्या, स्टेजच्या कडेला खुर्चीवर ठेवलेल्या सेलवर चालणाऱ्या टेपवर केलेल्या. लेबलवर आप्पांच्याच अक्षरात "पाल यात्रा", "गणपती ८७", "ओगलेवाडी ८९" असं. एकावर फक्त "चांगली" लिहिलंय. काकूंकडचा टेप बंद पडून जमाना झाला, तेव्हा मी म्हटलं आणा इकडे, मी करून देते.

पहिल्यांदा गेले ते एका चकाचक स्टुडिओत. एसी, काच, मुलगा एकदम पोलाइट, कॅसेटला १५० रुपये आणि चार दिवसांत काम. मला तर वाटलं लॉटरी लागली. चार दिवसांनी लिंक आली, एमपीथ्री फाइल्स, ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ असे व्यवस्थित तुकडे पाडलेले. ऐकायला सुरुवात केली तर खरखर शून्य, एकदम क्लीन, आणि आप्पा चौदा वर्षांच्या पोरासारखे भराभर गातायत. मागे टाळ्या अशा की कुणीतरी बादलीच्या पाण्यात हात आपटतंय. म्हटलं असेल, जुनं आहे. मग बेरीज केली. अकरा कॅसेट मिळून साडेतेरा तासांची टेप, आणि माझ्याकडे आले जेमतेम पाच तास. फोन केला तर तो मुलगा अगदी प्रेमाने म्हणतो, "मॅडम, ब्लँक आणि मधलं बोलणं काढलंय, सगळी साँग्ज आहेत, चेक करा."

साँग्ज आहेत. हो, आहेत ना. पण ती गाणी आप्पांची नव्हतीच! ती सिनेमातली, मोठ्या गायकांची, कुठेही मिळतील आणि आप्पांपेक्षा शंभरपट चांगल्या आवाजात मिळतील. ऑर्केस्ट्रातल्या माणसाचं स्वतःचं असं जे काही असतं ते दोन गाण्यांच्या मध्ये असतं, आणि नेमकं तेच ह्यांनी कचरा म्हणून झाडून काढलं होतं. पंच पण नव्हता. जिथे पंच वाजायचा तिथे नुसती मऊ मऊ टपटप. कारण त्यांच्या सॉफ्टवेअरला कुठलाही बारीक कडक आवाज म्हणजे टेपचा दोष वाटतो, तो आपोआप बुजवला जातो. म्हणजे दहा वर्षांत ज्या माणसाला आम्ही विसरलो नाही त्याला कॉम्प्युटरने चार दिवसांत पुसला.

नशीब एवढंच की कॅसेट मी परत घेतल्या होत्या. (सांगून ठेवते, "ओरिजिनल आमच्याकडेच राहू द्या, नंतर टाकून देऊ" असं कुणी म्हटलं तर तिथून उठून या.)

मग ऑफिसमधल्या एकाने ह्या काकांचं सांगितलं. जिना अंधारा, पायऱ्या उंच, गुडघेदुखीवाल्यांनी खाली थांबून हाक मारावी. वर खोलीत तीन टेप डेक, एक कॉम्प्युटर, कापसाचे बोळे, स्पिरिटची बाटली, घड्याळजीसारखे स्क्रू ड्रायव्हर आणि मधोमध काका. मी सगळी स्टोरी सांगितली, त्यांनी पैशाचं न बोलता आधी डबा उघडून एकेक कॅसेट खिडकीच्या उजेडात धरली. दोनमध्ये टेपच्या कडेला पांढरी बुरशी. आमच्याकडच्या पावसाळ्याची कृपा. चारमध्ये तो मधला स्प्रिंगचा छोटा नमद्याचा तुकडा, जो टेपला हेडवर (म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर) दाबून धरतो, तो गळून पडलेला. "हा नसला की आवाज आत गेल्यासारखा येतो, लोकांना वाटतं टेप मेली," म्हणाले. एका कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढून त्यांनी माझ्यासमोर दुसऱ्या कॅसेटचा पॅड चिमट्याने बसवला. दुसरी एक कॅसेट स्क्रूची नव्हतीच, चिकटवलेली होती, ती कडेने हळूहळू उकलली आणि आतलं सगळं नवीन डबीत घातलं. कुल्फीची काडी सोडवावी तितक्या हलक्या हाताने.

आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तिथे माझे पाच स्टार ठरले होते. पहिल्या कॅसेटचं थोडं ऐकलं आणि म्हणाले, "ताई, हे मध्ये टकटक काय वाजतंय? दोष नाही हा, तालात आहे."

मी पंचाचं सांगितलं. ते हसले नाहीत, वहीत लिहून घेतलं. "टकटक - तिकीट पंच - ठेवणे."

बोलता बोलता काकांनी अशी माहिती दिली की मी तिथे दीड तास बसले. म्हणे फिलिप्सने १९६३ ला ही कॅसेट काढली तेव्हा ती गाण्यासाठी नव्हतीच, ऑफिसात साहेबाने बोलायचं आणि ते नंतर टाइप करायचं ह्यासाठी होती. टेप सेकंदाला फक्त पावणेपाच सेंटीमीटर सरकते, त्यात गाण्याचा दर्जा कुठून येणार. पण बोलणं चांगलं पकडते. "त्यामुळे तुमच्या आप्पांचं बोलणं काढून गाणं ठेवायचं म्हणजे साल खाऊन आंबा टाकून दिल्यासारखं," असं म्हणाले. मला तर तिथेच रडू आलं, पण समोर खालचा मिक्सरवाला चहा घेऊन उभा होता.

आप्पा भराभर का गातायत त्याचं पण उत्तर मिळालं. सेल उतरले की टेप हळू फिरतो, हळू रेकॉर्ड झालेलं नंतर नीट स्पीडने लावलं की सगळं पळतं आणि आवाज बारीक होतो. मग मूळ स्पीड कळणार कसा? काकांची युक्ती बघा, ते मागचा कीबोर्ड पकडतात. कीबोर्ड लाइटवर चालतो, त्याचा सूर फॅक्टरीत ठरलेला, सेल उतरले म्हणून तो काही चढत-उतरत नाही. त्यामुळे टेपमधला कीबोर्ड जेवढा चढा ऐकू येतो तेवढी टेप खाली आणायची, की माणूस आपोआप आपल्या वयात येतो. "पाल यात्रा" कॅसेटमध्ये सुरुवातीला थोडंच आणि शेवटी शेवटी बरंच खाली आणावं लागलं, कारण रात्रभरात सेल संपत गेले होते. शिवाय प्रत्येक कॅसेटला हेडचा कोन बारीक स्क्रूने वेगळा लावायचा, कारण ज्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड झालं त्याचं हेड किंचित तिरकं असू शकतं. ते करताना त्यांनी मला हेडफोन दिला होता. स्क्रू पाव आटा फिरला आणि आप्पांच्या तोंडावरची रजई कुणीतरी ओढून काढली. दुसरा शब्दच नाही. "नमस्कार मंडळी" मधला "ळ" ऐकू आला.

खरखर त्यांनी फार कमी काढली. लाइटची घूं थोडी खाली घेतली, बाकी तसंच. एक गंमत म्हणजे काही ठिकाणी आप्पा बोलायच्या आधी एक-दोन सेकंद त्यांचाच पुसट आवाज येतो, भुतासारखा. वर्षानुवर्षं टेप गुंडाळून राहिली की एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं म्हणे. ते पण ठेवलं.

आता आत काय सापडलं ते.

एक तर बक्षिसं. दर दोन गाण्यांनी आप्पा चिठ्ठ्या वाचतात, दूध डेअरीच्या चेअरमनकडून एकवीस रुपये, तालमीच्या पैलवानांकडून अकरा, एका माहेरवाशिणीकडून पाच रुपये आणि नाव सांगू नका म्हणालीय तर आप्पा म्हणतात "नाव सांगत नाही, गल्ली सांगतो." पुऱ्या गावाची हजेरी आहे ती. त्यातले निम्मे लोक आता नाहीत. मी दोन कॅसेटमधली नावं लिहून काढून त्या त्या गावच्या ओळखीच्यांना पाठवली, तर एका घरात आजोबांचं नाव ऐकायला पंधरा माणसं जमली होती.

दुसरं म्हणजे वेळ. तेव्हा कार्यक्रम रात्रभर चालायचे, २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री १० ला स्पीकर बंद (गणपतीत काही दिवस १२ पर्यंत सूट), तिथून ह्या ऑर्केस्ट्रांची कंबर मोडली ती मोडलीच. नियम चूक होता असं नाही, आमच्या घरासमोर डीजे लागला की मीच पहिली शिव्या घालते. पण "गणपती ८७" मध्ये आप्पा म्हणतात, "रात्रीचे अडीच झालेत, शेवटची गाडी कधीच गेली, पहिली साडेपाचला, तोवर कुणी जागा सोडायची नाही, उभ्याने प्रवास चालणार नाही." आणि लोक खरंच बसलेत हो, मागे लहान पोर रडतंय, कुणीतरी त्याला घेऊन बाहेर जातंय, पण बसलेत.

आणि तिसरं, "चांगली" लिहिलेली कॅसेट. ही स्टुडिओने मला सोळा मिनिटांची करून दिली होती. काकांकडून आली ती पूर्ण साठ. विसाव्या मिनिटाला भर गाण्यात धप्प. लाइट गेली. कीबोर्ड गेला, माइक गेला, स्पीकर गेले. टेप सेलवर, त्यामुळे तो चालूच. आधी नुसता गलका, शिट्ट्या, कुणीतरी "ए बत्ती" ओरडतंय. मग लांबून, माइकशिवाय, पंच. टक, टकटक, टक. गलका हळूहळू खाली बसतो. आणि आप्पा गायला लागतात, आणि हे कुठल्या सिनेमातलं नाही, त्यांनीच जुळवलेलं आहे, कराडपासून पाटणपर्यंतचे सगळे स्टॉप एकापाठोपाठ एक, प्रत्येक स्टॉपला कोण चढलं, कोण उतरलं, कुणाकडे सुट्टे नव्हते. स्टॉपचं नाव आलं की त्या गावची पोरं अंधारात ओरडतात. साडेचार मिनिटं. मग लाइट येते, स्पीकर कुईं करतो, आणि आप्पा म्हणतात, "डबल बेल," आणि कीबोर्डवाला पुढे निघतो.

ह्या साडेचार मिनिटांचा आवाज इतका बारीक आहे की स्टुडिओच्या सॉफ्टवेअरने त्याला ब्लँक समजून कापलं होतं. काकांनी ते कापलं तर नाहीच, आवाज वाढवला पण नाही. मी म्हटलं जरा मोठा करा ना. म्हणाले, "लांब होते ते. लांबच राहू देत." मला तेव्हा पटलं नाही, घरी येऊन मीच फोनवर मोठा करून बघितला, नुसती खरखर मोठी झाली. परत होतं तसं केलं.

शाहीर साबळ्यांसारखं माणूस, आमच्याच जिल्ह्यातल्या पसरणीचं, पद्मश्री मिळालेलं, त्यांचं गाणं राहणारच. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज तर अजून देवळादेवळातून रोज सकाळी लागतो. त्यांच्यासाठी कंपन्या होत्या, रेकॉर्डिंग होती. आमच्या आप्पांसारखी माणसं प्रत्येक तालुक्यात चार-पाच होती आणि त्यांचं जे आहे ते अशा बिस्किटाच्या डब्यात. डबा माळ्यावर असेल तर आज खाली काढा. स्पीकर किंवा फ्रीजशेजारी ठेवू नका, कॅसेट उभी ठेवा, आणि उत्साहाने घरच्या जुन्या टेपमध्ये घालून "चालते का बघू" करू नका, तो टेप गुंडाळून खातो. मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या चौकोनी खुंट्या शाबूत असतील तर तोडून टाका, म्हणजे वरून चुकून काही रेकॉर्ड होणार नाही. आमच्या एका कॅसेटवर मधली वीस मिनिटं माझ्या चुलतभावाने पाढे म्हटलेत.

आता अर्धा स्टार. एक, दोन आठवडे म्हणाले आणि पाच लागले, फोन तर उचलतच नाहीत. नव्वदची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात हे मान्य, पण निदान कळवायला काय जातं. दोन, पावती नाही आणि फक्त रोख. कॅसेटला ३५० प्रमाणे ३,८५० आणि चार पॅडचे दोनशे वेगळे. पेनड्राइव्ह आपला न्यायचा, १६ जीबीचा तरी हवा, कारण फाइल्स मोठ्या देतात, साठच्या एका कॅसेटला एक जीबीच्या वर. तीन, ह्या मोठ्या फाइल्स काकूंच्या फोनवर वाजल्याच नाहीत, मला बसून छोट्या कराव्या लागल्या, ते काम त्यांनी करून द्यायला हवं होतं. फाइलला नाव पण नुसतं "७ अ", "७ ब". पण तेराच्या आसपास जीबीमध्ये १२ तास १० मिनिटं आप्पा मिळाले, तिकडे १,६५० देऊन पाच तासांचे कुणीतरी भलतेच मिळाले होते, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

काकूंना पूर्ण ऐकवायला तीन रविवार गेले. त्या फार बोलल्या नाहीत. मध्ये मध्ये "हा पेटीवाला आपल्या लग्नात होता" किंवा "ह्या दिवशी ताप होता त्यांना" एवढंच.

शेवटची ओगलेवाडीची कॅसेट. "अ" बाजूच्या शेवटी आप्पा किस्सा सांगतायत. भर बाजारच्या गाडीत म्हातारी पिशवीतून कोंबडी घेऊन चढते आणि विचारते, हिचं हाफ का फुल्ल? आप्पा म्हणतात, "मी म्हटलं, आजी, तिचं तिकीट मी..." आणि खट्. टेप संपली. कुणीतरी धावत जाऊन बाजू पलटली असणार, कारण "ब" बाजू सुरू होते ती थेट हशावर. साधासुधा नाही, बायका पण किंचाळून हसतायत, कुणीतरी खुर्चीवरून पडल्याचा आवाज, जवळजवळ मिनिटभर चालतं ते.

उत्तर काय होतं ते मी सगळ्यांना विचारलं. ढोलकीवाले काका म्हणाले, रोज वेगळं असायचं, माणसं बघून. चुलतभावाला आठवत नाही. मग काकूंना विचारलं. त्या तो हशा तोंडाला पदर लावून ऐकत होत्या, खांदे हलत होते.

"मला ठाऊक आहे," म्हणाल्या. "पण सांगण्यासारखं नाही."